दोन मिनिटं उभं राहावं

माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा घरात जी शांतता पसरली ती मी कधी विसरणार नाही. बायकोनं फाईल उलटसुलट चाळली, शेवटच्या पानामागं काही चिकटून राहिलंय का तेही पाहिलं. बाहेरच्या खोलीत जतहून आलेले माझे चुलते, चुलती आणि जीपमध्ये जागा होती म्हणून आलेले त्यांचे शेजारी बसले होते. टीपॉयवर बिस्किटांचे पुडे रचलेले, खाली शहाळी. या सगळ्यांना आता सांगायचं काय, हा खरा प्रश्न होता.

"काय निघालं?" चुलत्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"काईच न्हाई?"

"सगळं नॉर्मल आहे म्हणाले."

चुलत्यांनी शहाळ्यांकडं एकदा नजर टाकली. मग म्हणाले, "मग आमी येवढ्या लांबनं आलो त्ये?"

मलाही ओशाळल्यासारखं झालं. शुगर निघाली असती, निदान एखादं बारीकसं ब्लॉकेज निघालं असतं, तर माणसांची खेप वाया गेली नसती. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जाणं हे मोठं कर्तव्य असतं, आणि भेटायला आलेल्यांना दाखवण्यासारखं काहीतरी असणं हे आजाऱ्याचं कर्तव्य असतं. शेवटी बायकोनं वेळ निभावून नेली. "गॅस आहे," ती म्हणाली. सगळ्यांचे चेहरे उजळले. गॅसवर प्रत्येकाकडं औषध होतं. जीपमधल्या शेजाऱ्यांकडं तर दोन होती.

आता मुळात मला झालं काय होतं, ते सांगतो. मी दिवसा सांगलीत एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे आणि लग्नसराईत माइकवर बोलतो. पत्रिकेत त्याला सूत्रसंचालन म्हणतात. आमच्या भागात लग्नात भटजी उशिरा आले तर लोक सांभाळून घेतात, पण माइक बंद पडला तर घेत नाहीत. कोण आमदार आले, कोणत्या कारखान्याचे संचालक आले, कोणत्या पतसंस्थेचे चेअरमन जेवून निघाले, हे सगळं मांडवाला कळावं लागतं, आणि तेही बरोब्बर क्रमानं. एखाद्या चेअरमनचं नाव सरपंचाच्या मागं गेलं, तर तो ते पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतो. आवाज मला घराण्यातून आलाय. माझे आजोबा आणि वडील जतच्या माळावर मेंढरं राखायचे आणि या टेकाडावरून त्या टेकाडावरच्या माणसाशी घरच्यासारख्या गप्पा मारायचे. त्याच आवाजाचं मानधन घेणारा घराण्यातला मी पहिला. मला त्याचा गर्व आहे, आणि तो मी कधी लपवलेलाही नाही.

तर मिरजेच्या एका मंगल कार्यालयात मी म्हणत होतो, "आणि आता आपल्यामध्ये उपस्थित झालेले पंचायत समितीचे माजी..." आणि तिथंच थांबलो. हाताला मुंग्या आल्या. छातीत अशी धडधड सुरू झाली की वाटलं, ती माइकमधून सगळ्यांना ऐकू जाणार. श्वास घेतोय पण आत काही जात नाही. आणि एकदम पक्कं, शंभर टक्के, सातबाऱ्यावर नोंद झाल्यासारखं वाटलं, की आपण आता मरतोय. ते माजी सभापती अर्धवट पदवी घेऊन फेट्यासाठी डोकं पुढं करून उभे होते. मी खाली बसलो. पुढचं मला आठवतं ते थेट दवाखान्यातलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं, पुढच्या दोन-चार दिवसांत आणखी काय काय केलं, आणि शेवटी फाईल हातात दिली. त्या फाईलमध्ये काहीच नव्हतं.

मग गॅसचा इलाज सुरू झाला. ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला. चुलतीनं माझ्यावरून मीठमोहरी उतरवून टाकली. कॉलेजातल्या शिपायानं सांगितलं, जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर. हेडक्लार्कनी सांगितलं, उजव्या. रोग रेड्याला अन् औषध पखालीला म्हणतात, त्यातलाच प्रकार. येणारे येतच राहिले. बिस्किटं इतकी साठली की बायको ती दुसऱ्या आजाऱ्यांना भेटायला जाताना नेऊ लागली. त्यातला एक कोपरा दबलेला पुडा फिरून फिरून परत आमच्याच घरी आला. मी त्याला ओळखलं. मला त्याची थोडी दयाही आली.

आणि धडधड काही जाईना. कधी ऑफिसात, कधी दाढी करताना, कधी भाजी मंडईत ऐन वांगी निवडताना. सगळ्यात जास्त माइक हातात घेताना. एवढा दांडगा माणूस, कुणाच्या बापाला न भिणारा, आणि कोथिंबिरीच्या जुडीपुढं घाम पुसतोय. मला भीती वाटायची, ती कशाची हेच कळायचं नाही, आणि कळत नाही म्हणून जास्त वाटायची. हे मी कुणाला बोललो नाही. बायकोला मात्र न सांगता कळत होतं. ती हल्ली मी अंघोळीला गेलो की उगाच बाहेरून काहीबाही विचारायची.

यात आमच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घर साताऱ्याजवळच्या गावात, वडील फौजेतून रिटायर झालेले सुभेदार. त्यांच्या घरी गेलो, तर दारातल्या चपलासुद्धा सावधानमध्ये उभ्या. बोलणं कमी, मिशी जास्त. आमच्या मुलीनं पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "लग्नात माइकवर पप्पाच बोलणार. दुसरं कुणी नको." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. एकुलती एक पोर, लहानपणापासून माझ्या मांडवात खुर्चीवर झोपी जाणारी. दुसऱ्यांच्या हजार पोरी मी आवाजानं सासरी पाठवल्या, आणि आपल्या पोरीच्या वेळी मध्येच बसलो तर? आणि त्या मिशीला कळलं की मुलीच्या बापाच्या डोक्यात काहीतरी आहे, तर?

तरी मी पुन्हा दवाखान्याच्या वाटेला गेलो नाही. मला तिकडं नेलं ते सांगलीतल्या विश्रामबागच्या लग्नानं.

लग्नसराई नसते तेव्हा मी शोकसभाही करतो. आवाज तोच, थोडा खाली घ्यायचा. त्या दिवशी विश्रामबागेत मांडव गच्च भरलेला, स्टेजवर दोन्ही गटांचे पुढारी, अक्षतांना थोडाच अवकाश. आणि मला ते आलं. मुंग्या, धडधड, सगळं. मला फक्त थोडा दम घ्यायला हवा होता, सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायला हवं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, सवयीनं तोंडातून निघून गेलं, "सर्वांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं."

सगळा मांडव उभा राहिला. टोप्या निघाल्या. बँडवाल्यानं क्लॅरिनेट पोटाशी धरलं. मागं आचाऱ्यानं झारा खाली ठेवला आणि हात बांधले. माना खाली. मी श्वास घेत होतो, आणि खरं सांगतो, इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग कुजबुज सुरू झाली. "कोण गेलं?" "कोण गेलं रं?" नवरीच्या आजीनं काही न विचारता रडायला सुरुवात केली. फोन बाहेर आले. दम खाऊन मी "बसावं" म्हणेपर्यंत मांडवानं तालुक्यातले तीन पुढारी मारले होते, आणि त्यातले एक स्टेजवरच बसले होते. त्यांना घरून बायकोचा फोन आला. "अगं, मी हाय की," ते दबक्या आवाजात सांगत होते, "हितंच हाय, फेटा बांधून."

लग्न लागलं, पण पुढं मला लग्नाची बोलावणी येईनात. शोकसभांची मात्र वाढली.

तेव्हा बायको एका सकाळी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मिरजेला एक बाई आहेत. मनाच्या डॉक्टर. मी नंबर लावलाय." मी म्हणालो, "मी काय वेडा आहे का?" ती म्हणाली, "वेडे असता तर मी माहेरी गेले असते. घाबरलाय तुम्ही. मला दिसतंय." तिचे डोळे भरले होते. पंचवीस वर्षांत तिनं माझ्या आवाजाचं कधी कौतुक केलं नव्हतं, पण तो गप्प झालेला तिला सोसवत नव्हता. मी चहा प्यायलो आणि शर्ट चढवला.

आता मिरजेला जायचं म्हणजे कुणाला तरी कारण सांगावं लागतं. मिरजेत माणूस जातो तो गाडी पकडायला नाहीतर डॉक्टरकडं, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. तिसरं एकच सभ्य कारण उरतं, तिथली तंतुवाद्यं. मी ऑफिसात सांगितलं, पुतण्यासाठी तंबोरा बघायला चाललोय. साखरपुड्यात व्याह्यांनी मिरजेचं विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं, वर त्याचा भोपळा अजून वाळायचाय असंही. हा तंबोरा पुढं मला फार महागात पडला. हेडक्लार्क दर वेळी विचारायचे, "काय हो, अजून तंबोराच? भोपळा वाळला नाही का त्याचा?" माझा पुतण्या ढोल-ताशा पथकात आहे, हे त्यांना माहीत होतं.

दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये मी हेल्मेट घालून बसलो. काच खाली. बायको शेजारी, ती मला ओळखत नसल्यासारखी. आजूबाजूला आपली नेहमीचीच माणसं होती. एक शेतकरी नवराबायको, एक कॉलेजची मुलगी, एक पेन्शनर पेपर वाचत. मला वाटलं होतं तसं कुणी भिंतीशी बोलत नव्हतं. उलट, आत येणारा प्रत्येक जण हेल्मेटवाल्या माणसाकडं बघून जरा लांब बसत होता.

माझा नंबर पुकारला. मी म्हणालो, "आलो."

एवढंच. एक शब्द. शेतकरी ताडकन वळला. "आवं, तुमीच न्हवं का लग्नात बोलणारं?" त्याची बायको म्हणाली, "व्हय व्हय, त्येच दोन मिन्टवालं. तवा आमीबी उभं हुतो की." पेन्शनरांनी पेपर खाली केला आणि सांगितलं की त्यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात मीच होतो, आवाज काय, वा. मी हेल्मेट काढलं. घामानं केस चप्प बसले होते. "गॅस हाय व्हय तुमालाबी?" शेतकऱ्यानं विचारलं. मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "मलाबी," आणि आम्ही दोघांनी मान डोलावली.

डॉक्टरबाई माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी जुनी फाईल नीट वाचली, आणखी एक-दोन गोष्टी रक्तात बघायला सांगितल्या, आणि मग मला बोलू दिलं. मी बोललो. माइकशिवाय, क्रम न लावता. शेवटी त्या म्हणाल्या, हा घबराटीचा आजार आहे, पुष्कळांना होतो, आणि औषधानं, सरावानं बरा होतो.

"घबराट?" मी म्हणालो. "जरा वजनदार नाव नाही का? लोकांना सांगायला."

त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमचा माइक कधी शिट्टी मारतो का?"

आता हा माझा विषय. मी समजावून सांगितलं, की माइक स्पीकरच्या पुढ्यात आला की तो स्पीकरचा आवाज परत ऐकतो, तो पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा ऐकतो, आणि किंचाळायला लागतो. नवखा माणूस घाबरून माइक आणखी नाचवतो, मग तो आणखी ओरडतो. आपण फक्त शांतपणे बाजूला व्हायचं.

"माइक बिघडलेला असतो?"

"छे. चांगला असतो, म्हणून तर ऐकतो."

"तेच झालंय," त्या म्हणाल्या. "छाती जरा धडधडली, ती तुम्ही ऐकली, घाबरलात, म्हणून ती आणखी धडधडली."

मला असं कुणी सांगितलंच नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की रडूच आलं, आणि रडण्यासाठी तिथं कागदी रुमालांचा डबा ठेवलेलाच होता, म्हणजे रडणारा मी पहिला नव्हतो. त्यांनी गोळ्या दिल्या, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाल्या, आपल्या मनानं बंद करू नका म्हणाल्या. आणि शिकवलं, की आलं तर पळायचं नाही. बसायचं. श्वास सोडण्याकडं लक्ष द्यायचं, लांब सोडायचा. घ्यायचा तो आपोआप येतो. मनात म्हणायचं, हे तेच आहे, हे जातं. आणि माइक सोडायचा नाही. मी विचारलं, "लोकांनी विचारलं तर?" त्या म्हणाल्या, "खरं सांगा." ते मला काही झेपलं नाही. मी तंबोराच चालू ठेवला.

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो. मी घरी आरशापुढं फणी धरून चेअरमन लोकांचं स्वागत करत होतो. मग एक बारसं केलं, मग एक निवृत्तीचा समारंभ. धडधड यायची, मी बसायचो, जायची. पण मुलीचं लग्न म्हणजे मुलीचं लग्न. आदल्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "झालं काही, तर?" ती पापड तळत होती. म्हणाली, "झालं तर झालं. नवरी तुमची नाही व्हायची." हे मला अजून नीट समजलेलं नाही, पण धीर आला.

लग्नाच्या दिवशी सकाळी स्टेजवर चढलो, तर माइकशेजारी एक खुर्ची. कार्यालयाच्या मखमली खुर्च्यांतली नव्हे. हिरव्या कापडाची, घडीची, जुनी. सूत्रसंचालकाला स्टेजवर असलं ध्यान चालत नाही. मी ती खाली नेऊन ठेवायला लावली. पाहुण्यांचं स्वागत करून वळतो, तर खुर्ची परत तिथंच. मांडववाल्याला झापलं. तो म्हणाला, "मी न्हाई ठेवली, साहेब." पुन्हा खाली. अक्षता पडल्या, वाजंत्री झाली, मी वळलो, आणि खुर्ची पुन्हा हजर. या वेळी मी तिचा नाद सोडला.

आणि मला काही झालंच नाही. मी सकाळपासून त्याची वाट बघत होतो, मनात स्वागताची सगळी तयारी होती, पण आमच्याकडच्या प्रमुख पाहुण्यांसारखं तेही येतो येतो म्हणून आलं नाही. मी सगळी नावं घेतली. क्रम चुकला नाही. माजी होते त्यांना माजी म्हणालो, आणि पुढचं पदही दिलं.

पाठवणीची वेळ झाली. गाडी दाराशी, बायका रडतायत, मुलगी आईच्या मिठीतून सुटून माझ्याकडं आली आणि पांढरी पडली. "पप्पा, मला कसंतरीच होतंय. हाताला मुंग्या आल्यात. श्वास जात नाहीये." तिनं माझा हात असा धरला की बांगड्या रुतल्या. लगेच गलका झाला. चुलते म्हणाले, "गॅस हाय, सोडा आणा." कुणी कांदा आणायला पळालं. चुलती म्हणाली, दृष्ट लागली.

माझ्याही छातीत धडधडायला लागलं होतं. पण या मांडवात हे काय आहे ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "बस." आणि ती बसली, कारण तिच्या मागं कुणीतरी ती हिरवी खुर्ची उघडून धरली होती. मी तिच्यापुढं फरशीवर मांडी घालून बसलो, नव्या धोतरासकट. "मरत नाहीस," मी तिला सांगितलं. "मलापण होतं हे. कधीपासून होतंय. मी औषध घेतो त्याला. लांब सोड श्वास. माझ्याबरोबर." माइक माझ्या कमरेलाच खोचलेला होता आणि चालू होता. सगळं कार्यालयभर ऐकू गेलं.

माणसं गप्प झाली. आपोआप. सगळा मांडव उभाच होता, माना खाली. आम्ही बापलेक श्वास सोडत बसलो होतो. या वेळी कोण गेलं म्हणून कुणी विचारलं नाही.

तिच्या चेहऱ्यावर रंग आला. ती उठली, मला उठवलं, आणि गाडीत जाऊन बसली. मागं सुभेदार खुर्चीची घडी घालत होते. त्यांनी कापडावरची धूळ झटकली आणि खुर्ची गाडीच्या टपाकडं नेली.

"पाव्हणं, ती कार्यालयाची नव्हे का?" मी म्हणालो.

"न्हाई. घरची हाय." ते दोरी ओढता ओढता म्हणाले. "फौजेतली. तुमच्यासाठी आणली हुती. पोरीला आईकडनं समदं कळलं हुतं, साखरपुड्याच्या आदीच आमच्याकडं यिऊन बोलली. म्हनली, माझ्या पप्पांना असं असं हुतं, मिरजेला औषध चालू हाय, अन् माइकवर त्येच बोलणार. तुमाला चालत असंल तर पुढं जाऊ, न्हाईतर हितंच थांबू." त्यांनी गाठ मारली. "तुमी दोनदा खाली टाकलीसा खुर्ची. तिसऱ्यांदा टाकली असती, तर बोललो असतो मी."

मी हेल्मेट घालून बसत होतो, आणि माझी पोर माझ्या पायी आपलं लग्न पणाला लावून मोकळी झाली होती. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी रडलो, मोठ्यानं, घराण्याच्या आवाजात. बायकोनं पदर डोळ्याला लावायच्या आधी माझ्या कमरेचा माइक बंद केला.

आता मी साताऱ्याकडं मुलीला भेटायला गेलो, की सुभेदार ओसरीवर ती खुर्ची उघडतात. मी चप्पल रांगेत लावतो आणि बसतो. चहा येतो, बरोबर बिस्किटं. ते मिशीवरून हात फिरवतात आणि गंभीरपणे विचारतात, "मिरज काय म्हनतीया? वाळला का भोपळा?"

"वाळतोय," मी सांगतो.